मागचा उजवा रिफ्लेक्टर

आमच्या गाडीच्या मागच्या रिफ्लेक्टरचा बल्ब मी गेल्या डिसेंबरात अडीच तास शोधला. रिफ्लेक्टरला बल्ब नसतो.

हे वाचून माझ्याबद्दल तुमचं जे मत झालं असेल ते बरोबर आहे. फक्त एक सांगायचं राहिलं, मी व्यवसायाने इंजिनिअर आहे. गॉलवेत हृदयात सरकवायच्या बारीक नळ्या बनवणाऱ्या एका कंपनीत मी क्वालिटी विभागात काम करतो. म्हणजे दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढायचा मला पगार मिळतो. (माझ्या चुका काढायचं काम घरी होतं. ते स्नेहल, म्हणजे माझी बायको, बिनपगारी करते.)

झालं असं, की सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये गाडी मागे घेताना मी ट्रॉल्या ठेवायच्या लोखंडी कठड्याला हलकेच टेकलो. 'हलकेच' हा शब्द स्नेहलला मान्य नाही. मागच्या बंपरच्या दोन्ही टोकांना लाल प्लास्टिकची एकेक चपटी पट्टी असते, त्यातल्या उजव्या पट्टीला तडा गेला. इतक्या क्षुल्लक गोष्टीकडे कोण लक्ष देतो म्हणून मी ते विसरलो. महिन्याभराने गाडीची वार्षिक तपासणी आली. इंजिन पास, ब्रेक पास, टायर पास. आणि खाली एका ओळीत: मागचा उजवा रिफ्लेक्टर सदोष. गाडी नापास.

"मेकॅनिककडे टाकून ये," स्नेहल म्हणाली.

"एका बल्बसाठी?" मी म्हणालो.

शनिवारी सकाळी दहा वाजता मी अंगणात गाडीमागे जुनी चादर पसरली आणि कामाला लागलो. स्नेहल हॉस्पिटलच्या फार्मसीत ड्युटीवर गेली होती. आमची मुलगी ईरा, वय वर्षं आठ, दुपारी मैत्रिणीच्या वाढदिवसाला जायचं म्हणून आत रिबिनी निवडत होती. आणि दारात माकडटोपी घालून अप्पा उभे होते.

अप्पा म्हणजे माझे सासरे. कराडच्या बाजूचे. उभी नोकरी त्यांनी साखर कारखान्याच्या वाहन विभागात काढली. सासूबाईंना थंडी सोसत नाही, म्हणून दोन महिन्यांसाठी ते एकटेच आले होते. बोलणं मोजकं. मला ते 'पाव्हणं' म्हणतात. लग्नाला नऊ वर्षं झाली तरी मी पाहुणाच, आणि पाहुण्याला शहाणपण शिकवायचं नाही, हा त्यांचा नेम.

"काय चाललंय, पाव्हणं?"

"काही नाही अप्पा, बल्ब बदलतोय."

"बरं," अप्पा म्हणाले, आणि माझ्यासाठी चहा टाकायला आत गेले.

रिफ्लेक्टर बाहेरून निघेना. तो आतून बसवलेला असणार, म्हणून मी बंपर काढायला घेतला. बंपर नऊ क्लिपांवर बसतो. त्यातल्या पाच तुटल्या तेव्हा तो निघाला. आत वायर दिसेना. मग मला वाटलं, वायर मागच्या दिव्यातून येत असेल, म्हणून मी उजवा दिवा उघडून त्याचा कनेक्टर काढला. तिथेही काही समजेना, तेव्हा मी डावा दिवाही काढला. चांगला तुकडा आणि वाईट तुकडा शेजारी ठेवून तुलना करायची, हे आमच्या कंपनीत पहिल्या दिवशी शिकवतात. मी दोन्ही दिवे चादरीवर ठेवून बराच वेळ तुलना केली. दोन्ही सारखेच होते.

साडेबारा वाजता अप्पा दुसरा चहा घेऊन आले. मी सहज विचारलं, "अप्पा, तुम्हाला काय वाटतं, बल्ब कुठे असेल?"

"इचारलंत म्हनून सांगतो."

"सांगा ना."

"बल्ब न्हाई त्यात."

"कुणी काढून घेतला?"

"नसतोयच," अप्पा म्हणाले. "त्यो रिफ्लेक्टर हाय."

मी चहाचा एक मोठा घोट घेतला. तो फार गरम होता, पण त्या वेळी मला तो उपयोगी पडला. मग म्हणालो, "पण मग अडीच तास तुम्ही बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, हिकडच्या गाड्यास्नी असंल," अप्पा अत्यंत सभ्यपणे म्हणाले.

इथे एखादा शहाणा माणूस थांबला असता. मी म्हणालो की मला ते माहीतच होतं, मी जाता जाता वायरिंग तपासत होतो. आणि मी अगदीच काही केलं नाही असं दिसू नये म्हणून तडा गेलेल्या पट्टीत मागच्या बाजूने दोन नळ्या मिसळून करायचा पक्का गोंद भरला. सढळ हाताने भरला. पाणी जायला जागा उरली नाही. मग दिवे बसवले, बंपर उरलेल्या चार क्लिपांवर चढवला आणि दोन पावलं मागे जाऊन पाहिलं. छान दिसत होता.

दुपारी ईराच्या मैत्रिणीची आई येऊन तिला वाढदिवसाला घेऊन गेली. तिला पाच वाजता आणायला मी जाणार होतो. आयर्लंडमध्ये डिसेंबरात साडेचारलाच दिवेलागण होते. निघायच्या आधी अप्पा टॉर्च घेऊन अंगणात आले.

"पाव्हणं, जरा हितं येता? बगून जाऊ."

आम्ही गाडीपासून वीस पावलं मागे उभे राहिलो. अप्पांनी टॉर्च कानाजवळ धरला आणि उजेड बंपरवर टाकला. डावी पट्टी आतून कुणी कळ दाबल्यासारखी लालभडक उजळली. उजवी मात्र काळी ठिक्कर. तिथे काही आहे हेसुद्धा कळेना.

"आता ह्ये बगा," म्हणत त्यांनी टॉर्च माझ्या हातात दिला आणि मला पाच-सहा पावलं बाजूला उभं केलं. "डाव्यावरच मारा उजेड. तुमास्नी दिसतोय लाल?"

"दिसतोय की."

"मला न्हाई दिसत. उजेड ज्यानं धाडला त्याच्याकडंच माघारी जातोय. आरसा असता तर भलतीकडंच गेला असता. मागनं येनाऱ्या गाडीचा दिवा आन् डायवरचे डोळे जवळजवळच असत्यात, म्हनून त्याला दिसतं. वायर नगं, बॅटरी नगं. गाडी बंद पडू दे, मालक झोपू दे, ह्यो जागा असतोय."

मी आपलं "हो, हो," म्हणालो. मग विचारलं, "पण उजवा का नाही लागत? मी तर तडा बुजवलाय."

"पट्टीच्या पाटीमागं बारीक कोपरे असत्यात, साखरंच्या दाण्याएवढे. तीन तीन भिंतींचे. उजेड आत शिरतो, भिंतींना थडकतो आन् आल्या वाटंनं माघारी येतो. त्या कोपऱ्यांच्या मागं नुसती हवा लागती. पानी शिरलं तरी उजेड पार जातोय, परत येत न्हाई. तुमी तर डिंक भरला."

बारावीला फिजिक्समध्ये प्रकाशाचं हे प्रकरण मी तोंडपाठ केलं होतं. प्लास्टिक आणि हवा यांच्या सीमेवर प्रकाश आतल्या आत परततो, आकृतीसह, सहा मार्कांना. मला सहापैकी सहा मिळाले होते. ते सहा मार्क त्या अंगणात अप्पांनी परत घेतले.

"सोमवारी नवीन आणतो," मी म्हणालो. "आत्ता ईराला आणायला हवं."

"दिवे तरी लागत्यात न्हवं?"

"दिवे ओके आहेत, अप्पा." हेही मी आत्मविश्वासाने सांगितलं. पुढचे दिवे समोरच्या भिंतीवर लख्ख पडले होते. मागचे दिवे ड्रायव्हरला दिसत नाहीत.

वाढदिवसाचं घर शहराबाहेर वीस मिनिटांवर होतं. शेवटचे दोन मैल बोरीनमधून. बोरीन म्हणजे इकडची खेड्यातली अरुंद वाट. एक गाडी जाईल एवढीच रुंद, दोन्हीकडे दगडी भिंती, मधोमध गवताची शेंडी आणि दिव्याचा खांब औषधालाही नाही. झिमझिम पाऊस होता. अप्पा शेजारच्या सीटवर बसून वाट न्याहाळत होते. अर्ध्या वाटेवर मागून खर्रर्र असा आवाज यायला लागला.

"बंपर," अप्पा म्हणाले.

चारपैकी दोन क्लिपांनी राजीनामा दिला होता आणि बंपरचं उजवं टोक रस्त्याला घासत होतं. एका ठिकाणी वाट जराशी रुंद झाली होती, तिथे मी गाडी डावीकडे, अप्पांचं दार उघडेल एवढीच फट ठेवून, भिंतीलगत उभी केली. चारही इंडिकेटर चालू करायचं बटण दाबलं, बंपर बांधायला प्लास्टिकचे पट्टे घेतले आणि मोबाइलचा टॉर्च तोंडात धरून गाडीमागे चिखलात गुडघे टेकले.

अप्पा छत्री टेकत सावकाश उतरले. त्यांच्या गुडघ्यांना घाई चालत नाही. पुढून त्यांचा आवाज आला, "पाव्हणं, मागचे दिवे लागलेत?"

"लागलेत," मी टॉर्चभरल्या तोंडाने म्हणालो. हे मी त्या दिव्यांपासून हातभर अंतरावर बसून म्हणालो. माझ्या टॉर्चचा उजेड सगळीकडे पडला होता, त्यामुळे मला तरी सगळं लागलेलंच दिसत होतं.

अप्पा मागे आले आणि थबकले. त्यांनी एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा आम्ही आलो त्या वळणाकडे. वळणाच्या पलीकडून इंजिनाची घरघर ऐकू येत होती.

"ए, ऊठ तिथनं," ते म्हणाले. "भिंतीकडं हो."

नऊ वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदाच एकेरी हाक मारली होती. आवाज चढवला नव्हता, पण मी असा उठलो की टॉर्च तोंडातून कधी पडला ते कळलं नाही. ईराच्या शाळेत मुलांना पिवळी चमकणारी जाकिटं देतात. तिचं जाकीट मागच्या सीटवर पडलेलं होतं. अप्पांनी ते उचललं, छत्रीच्या टोकाला अडकवलं आणि भिंतीला खेटून, ज्या दिशेने आवाज येत होता त्या दिशेने चालू लागले. जेवढं भराभर चालता येईल तेवढं. पंधरा-वीस पावलांवर थांबून त्यांनी छत्री उंच धरून आडवी हलवायला सुरुवात केली.

वळणावरून दोन मोठे दिवे आले. ट्रॅक्टर होता, मागे ट्रेलर. वेग काही फार नव्हता, पण कमीही होत नव्हता. मग ब्रेक लागले. ट्रेलरचं मागचं टोक भिंतीकडे सरकलं, ओल्या रस्त्यावर चाकं घसरत आली आणि ट्रॅक्टर थांबला. त्याच्या नाकात आणि आमच्या गाडीत माझी एक ढांग मावली असती. त्याच्या दिव्यांच्या उजेडात चिखलात माझ्या गुडघ्यांचे दोन खड्डे स्वच्छ दिसत होते.

मग साठीचा एक शेतकरी खाली उतरला. मार्टिन त्याचं नाव. त्याने टोपी मागे सारली आणि विचारलं की तुम्ही सगळे ठीक आहात ना.

"ग्रँड," मी म्हणालो. इथे कसंही असलं तरी तेच म्हणतात.

मार्टिन म्हणाला, की त्याला डावीकडे भिंतीपाशी एकच लाल ठिपका दिसला. इकडे लोक आपल्या फाटकाच्या खांबाला तसला रिफ्लेक्टर लावतात. त्याला वाटलं फाटक आहे, म्हणून तो त्याच्या उजवीकडून नेहमीसारखा निघाला होता. म्हणजे सरळ आमच्या गाडीवर. "मग मला मुंडकं नसलेलं एक पोर हवेत उडताना दिसलं," तो म्हणाला, "तेव्हा मी ब्रेक दाबला."

अप्पांना ते मी मराठीत सांगितलं. ते हसले नाहीत. "त्यासाठी तर दोन असत्यात," ते म्हणाले. "दोन दिसले की मागच्याला कळतं, मधली जागा गाडीची हाय."

मार्टिनने आमच्या मागच्या दिव्यांकडे पाहिलं. डिकी उघडून आत हात घातला. टक्. दुसरीकडे घातला. टक्. दोन्ही दिवे लागले. तुलना झाल्यावर मी दोन्ही कनेक्टर जागेवर नुसते टेकवून ठेवले होते. दाबायचे राहिले होते. ज्या वस्तूला वीज लागत नाही ती दुरुस्त करताना, जिला लागते ती मी बंद केली होती. (कामावर अशा प्रकाराला आमचा एक फॉर्म असतो. तो आठ पानी आहे.)

"कामधंदा काय करता?" मार्टिनने सहज विचारलं.

"हॉस्पिटलच्या संबंधात," मी म्हणालो.

तोपर्यंत अप्पा ट्रेलरच्या मागे पोचले होते. तिथल्या दोन्ही लाल त्रिकोणी रिफ्लेक्टरांवर बोटभर चिखल बसलेला होता. त्यांनी डोक्यावरची माकडटोपी काढली आणि दोन्ही त्रिकोण पुसून लख्ख केले. मग माझा मोबाइल मागून घेतला आणि मार्टिनला बोलावून टॉर्चने दाखवलं. इंग्रजीचा एक शब्द नाही, मराठीचाही नाही. नुसता टॉर्च आणि एक बोट. मार्टिनने टोपी काढली. "ही इज डेड राइट," तो मला म्हणाला. "आठवडाभर पुसायचं मनात होतं."

बंपर काही बांधला जाईना. तो पूर्ण काढला तर गाडीत मावेना, आणि दोन्ही रिफ्लेक्टर होते बंपरवर. शेवटी मार्टिननेच ठरवलं. बंपर त्याच्या ट्रेलरवर जाणार आणि आमच्या मागून तो येणार, डोक्यावरचा पिवळा फिरता दिवा लावून.

उरलेल्या मैलभरात अप्पा आपणहून बोलले. एका हंगामात कारखान्याच्या वाटेवर एक उसाची ट्रॉली पंक्चर होऊन उभी होती. मागे रेडियम नव्हतं. चमकणाऱ्या पट्टीला तिकडे सगळे रेडियमच म्हणतात. मोटारसायकलवरून दोघे भाऊ येत होते.

"त्या ट्रॉलीला गेटपास मीच दिल्ता," ते म्हणाले. "रेडियमचा गठ्ठा संपलेला. म्हनलं, उद्या लावू."

त्यानंतर त्यांच्या सहीने रेडियमवाचून एक बैलगाडीसुद्धा फाटकाबाहेर पडली नाही. हे स्नेहलने मला नंतर सांगितलं. ते स्वतः एवढंच बोलले. मी म्हणालो, "अप्पा, तुम्ही मला तिथून उठवलंत."

"बोललो जरा तोडून," ते म्हणाले. "राग मानू नका."

वाढदिवसाच्या घरी आम्ही मिरवणुकीने पोचलो. पुढे बिनबंपरची आमची गाडी, मागे ट्रॅक्टर, त्यावर गरगरणारा पिवळा दिवा आणि ट्रेलरवर शेणखताच्या पोत्यांवर आडवा झालेला आमचा बंपर. सगळे आई-बाप केकच्या बशा घेऊन खिडकीत आले. ईरा कागदी मुकुट घालून बाहेर आली.

"डॅड, व्हाय इज अवर कार ऑन अ ट्रेलर?"

"गाडी नाही गं, फक्त बंपर."

"युअर मॅन इज लाफिंग." युअर मॅन म्हणजे इथल्या बोलीत 'तो माणूस'. तो माणूस, म्हणजे मार्टिन, तोपर्यंत केक खात सगळ्यांना मुंडकं नसलेल्या पोराची गोष्ट सांगत होता, आणि लोक माझ्याकडे आणि बंपरकडे आलटून पालटून बघत होते. अप्पांना त्यांनी सगळ्यात मोठी खुर्ची दिली.

सोमवारी मेकॅनिकने नवा रिफ्लेक्टर आणि नव्या क्लिपा बसवल्या. त्याला वीस मिनिटं लागली. बसवताना त्याने जुनी पट्टी उजेडात धरून पाहिली आणि हे कुणी भरलं, असं विचारलं. मी म्हणालो, गाडी सेकंडहँड आहे. फेरतपासणीत गाडी पास झाली.

त्या रात्री जेवणानंतर अप्पा फोनवर सासूबाईंशी बोलत होते. मी स्वयंपाकघरात कप विसळत होतो, त्यामुळे ऐकू आलं. सासूबाईंनी बहुधा माझी चौकशी केली असावी.

"लाख मानूस," अप्पा म्हणाले. "मायाळू हायत, रागबिग कायसुदिक न्हाई. आन् पोहं तर असं करत्यात, तू खाऊन बग. गाडीबिडी मोडली की त्यास्नी तेवढं पोह्याला लावायचं."

पलीकडच्या खोलीत स्नेहलनेही हे ऐकलं. जानेवारीत अप्पा परत गेले, पण हा नियम आमच्या घरात राहिला. गेल्या आठवड्यात बॉयलर बंद पडला, तेव्हा मी पोहे केले. प्लंबरने दोनदा मागून घेतले.